नव्या कन्सोलवर जुने गेम: कपाटातल्या डिस्कचे पुढे काय होते?

कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात गेली अनेक वर्षे दोन खोकी भरून डिस्क पडून होत्या. पहिल्या प्लेस्टेशनच्या, खालच्या बाजूने काळ्या दिसणाऱ्या डिस्क, प्लेस्टेशन २ आणि ३ च्या डिस्क, मूळ एक्सबॉक्स आणि एक्सबॉक्स ३६० यांच्या हिरव्या डब्या, आणि एका पिशवीत हातात धरून खेळायच्या यंत्रांची काही कार्ट्रिज. त्या डिस्क चालवणारी बरीचशी यंत्रे एकेक करून बंद पडली; कुणाची लेन्स गेली, कुणाचा कंट्रोलर मिळेनासा झाला. डिस्क टाकून देणे मात्र मला कधी जमले नाही. त्यामुळे नवा कन्सोल घ्यायची वेळ आली तेव्हा माझा पहिला प्रश्न नव्या गेमांचा नव्हता. या खोक्यांतले किती गेम त्यावर चालतील, आणि चालले तर हाताला ते पूर्वीसारखेच लागतील का, एवढेच मला जाणून घ्यायचे होते.

एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ हे दोन्ही मी बराच काळ वापरले आहेत, आणि जून २०२५ मध्ये बाजारात आलेला निन्टेन्डो स्विच २ ही आता घरात आहे. या परीक्षणात त्यांच्या नव्या गेमांचा विचार मी केलेला नाही. तो इतरत्र पुष्कळ झाला आहे. माझा निष्कर्ष आधीच सांगतो. ज्यांच्याकडे विकत घेतलेल्या जुन्या डिस्क आहेत त्यांच्यासाठी या तिघांत सिरीज एक्स निःसंशय उजवा आहे. चित्र अधिक स्पष्ट दिसते, हे त्याचे कारण पुष्कळांकडून ऐकायला मिळते, पण मला ते दुय्यम वाटते. जुन्या गेमचा वेग, बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि खेळणाऱ्याने वर्षांपूर्वी जपून ठेवलेली प्रगती या तिन्ही गोष्टी तो सांभाळतो, म्हणून तो उजवा.

जुना गेम नव्या यंत्रावर आपोआप का चालत नाही, हे थोडक्यात समजून घेतले तर तिन्ही कन्सोलांमधला फरक लगेच लक्षात येतो. प्रत्येक गेम त्या त्या यंत्राच्या प्रोसेसरला समजणाऱ्या सूचनांमध्ये लिहिलेला असतो. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये पॉवरपीसी जातीचा तीन कोअरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या तीन भागांचा, प्रोसेसर होता. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये ‘सेल’ नावाचा प्रोसेसर होता, ज्यात एक मुख्य कोअर आणि त्याच्या हाताखाली अगदी वेगळ्या पद्धतीने काम करणारे अनेक साहाय्यक कोअर अशी रचना होती. २०१३ पासून एक्सबॉक्स बनवणारी मायक्रोसॉफ्ट आणि प्लेस्टेशन बनवणारी सोनी या दोन्ही कंपन्यांनी साध्या संगणकात असतो तसा एक्स८६ जातीचा प्रोसेसर स्वीकारला आणि तोच वारसा आजच्या यंत्रांत चालू आहे. म्हणून प्लेस्टेशन ४ चा गेम प्लेस्टेशन ५ ला फारसा परका वाटत नाही, पण ३६० किंवा प्लेस्टेशन ३ चा गेम चालवायचा तर त्याच्या सूचनांचे नव्या प्रोसेसरच्या भाषेत भाषांतर करत राहावे लागते. यालाच इम्युलेशन म्हणतात.

पूर्वी कंपन्या यावर साधा, पण खर्चिक उपाय करत असत: जुनी चिपच नव्या यंत्रात बसवत असत. प्लेस्टेशन २ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर होता. एरवी तो कंट्रोलर आणि मेमरी कार्डाचे काम पाहत असे आणि जुनी डिस्क घातली की आपले मूळ काम करू लागे. प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या मॉडेलांत प्लेस्टेशन २ च्या मुख्य चिप होत्या. खर्च कमी करण्यासाठी पुढच्या मॉडेलांतून त्या काढल्या गेल्या आणि काही काळातच प्लेस्टेशन २ च्या डिस्क चालणे पूर्ण थांबले. ही सोय अशी निघून जाऊ शकते, हे त्या वेळी अनेकांना पहिल्यांदा कळले. यंत्राचे नाव तेच राहते, खोक्यावरचे चित्रही तेच राहते, आणि आतून मात्र जुन्या डिस्कचा आधार गेलेला असतो. आजही विकत घेताना नेमके मॉडेल पाहावे लागते, ते याच कारणाने.

आता सिरीज एक्सकडे वळतो. ३६० ची डिस्क त्यात घातल्यावर जे घडते ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकते. डिस्क आत जाते, फिरल्याचा आवाज येतो, आणि मग पडद्यावर गेम डाउनलोड होऊ लागतो. कारण डिस्कवरचा मजकूर इथे वापरलाच जात नाही. मायक्रोसॉफ्टने प्रत्येक मान्य गेमची नव्या यंत्रासाठी इम्युलेटरसह बांधलेली प्रत सर्व्हरवर ठेवलेली आहे. ती उतरवून घेतली जाते आणि गेम आपल्या मालकीचा असल्याचा पुरावा म्हणून डिस्क खेळताना आतच ठेवावी लागते. थोडक्यात, डिस्क ही इथे किल्ली आहे. या पद्धतीचा एक फायदा मला पहिल्याच आठवड्यात मिळाला: ओरखडे पडल्यामुळे जुन्या यंत्रावर मधेच अडकणारी एक डिस्क इथे फक्त ओळखली जाण्याइतकी वाचली गेली आणि तो गेम मी शेवटपर्यंत खेळू शकलो. पण तोटाही तितकाच मोठा आहे. इंटरनेट नसेल तर ३६० किंवा मूळ एक्सबॉक्सची डिस्क नव्या यंत्रावर पहिल्यांदा सुरू करता येत नाही, आणि उद्या ते सर्व्हर बंद झाले तर किल्ली हातात राहील, कुलूप मात्र नसेल.

मला खरा आनंद दिला तो जुन्या सेव्हने, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रगतीने. एक्सबॉक्स ३६० वर सेव्ह केलेली फाइल क्लाउडवर पाठवता येते आणि सिरीज एक्सवर तोच गेम सुरू केला की ती खाली उतरते. माझा ३६० अजून जेमतेम चालतो. त्याला एका संध्याकाळी जोडले, फायली क्लाउडवर चढवल्या आणि नव्या यंत्रावर एक गेम उघडला. ‘पुढे चालू ठेवा’ या पर्यायाखाली २०११ मधली एक तारीख होती. तो दाबल्यावर माझे पात्र एका पुलाच्या टोकाशी, पावसात, अर्धवट संपलेल्या गोळ्यांसह उभे होते, अगदी जिथे मी त्याला सोडले होते तिथे. पुढच्या खोलीत काय आहे हे मला आठवत नव्हते, पण कोणत्या बटणाने पात्र आडोशाला जाते हे बोटांना न विचारता आठवले. जुना गेम नव्या यंत्रावर ‘चालतो’ असे मी कधी म्हणेन, याची माझी कसोटी त्या क्षणी ठरली. मूळ एक्सबॉक्सच्या सेव्ह मात्र अशा आणता येत नाहीत. तिथे पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करावी लागते.

चित्राच्या बाबतीत जे केले आहे ते विचारपूर्वक केले आहे, आणि म्हणून त्याचे कौतुक करायला हवे. गेमच्या मूळ फायलींना हात न लावता इम्युलेटर तोच देखावा अधिक पिक्सेलांत काढतो. मूळ एक्सबॉक्सचे ४८० ओळींचे चित्र सिरीज एक्सवर रुंदीत आणि उंचीत प्रत्येकी चौपट, म्हणजे सोळापट पिक्सेलांत काढले जाते. ३६० च्या निवडक गेमांना अशीच वाढ मिळाली आहे. २०१० मध्ये ७२०पी मध्ये निघालेला ‘रेड डेड रिडेम्प्शन’ इथे ४के मध्ये चालतो आणि दूरचे डोंगर, गवत, घोड्याच्या लगामाची दोरी हे सारे जणू काच पुसल्यासारखे दिसते. शिवाय मूळ गेममध्ये नसलेला उजेड-अंधाराचा फरक यंत्र स्वतः ओळखून वाढवते, आणि २०२१ पासून काही मोजक्या गेमांची फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, दुप्पट करण्याची सोयही आली; ‘फार क्राय ४’ सारखा सेकंदाला ३० फ्रेमचा गेम त्यामुळे ६० वर चालतो. गेमचा स्वतःचा वेग यात बदलत नाही, हालचाल फक्त सलग दिसते. ज्या गेमांमध्ये यामुळे बिघाड झाला असता त्यांना ही सोय दिलेली नाही, आणि जिथे दिली आहे तिथे ती बंदही करता येते. बंद करण्याचा पर्याय ठेवणे ही मला यातली सर्वांत समंजस गोष्ट वाटते.

यादी मात्र अपुरी आहे आणि ती वाढणार नाही. सिरीज एक्सच्या आधीच्या पिढीतल्या एक्सबॉक्स वनवर नोव्हेंबर २०१५ मध्ये शंभराहून थोड्या अधिक गेमांनी ही सोय सुरू झाली, ऑक्टोबर २०१७ पासून मूळ एक्सबॉक्सचे गेम येऊ लागले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सत्तरहून अधिक गेमांची शेवटची भर घालून मायक्रोसॉफ्टने ती थांबवली. ३६० चे सहाशेहून अधिक आणि मूळ एक्सबॉक्सचे साठेक गेम एवढ्यावर ती आता स्थिर आहे. यादीत नसलेली डिस्क घातली तर यंत्र तसे सांगते आणि विषय तिथेच संपतो. शरीराच्या हालचाली टिपणाऱ्या किनेक्ट कॅमेऱ्यावर चालणारे गेम तर अजिबात चालत नाहीत, कारण तो कॅमेरा जोडण्याची सोयच नाही. डिस्क ड्राइव्ह नसलेला सिरीज एस हा लहान कन्सोल या कामासाठी घेणे म्हणजे खोक्यातल्या साऱ्या डब्या मिटूनच ठेवणे. जुने गेम त्यावर फक्त डाउनलोडच्या रूपात चालतात.

भर थांबवण्यामागे तांत्रिक अडचणींइतकीच परवान्यांची अडचण होती, आणि ती फक्त एका कंपनीपुरती नाही. गेममधली गाणी, खऱ्या मोटारींची नावे, खेळाडूंचे चेहरे हे सारे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेले असते. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ हा गेम २००८ चा. त्यातल्या गाण्यांच्या परवान्यांची मुदत दहा वर्षांनी संपली आणि २०१८ मध्ये अपडेटद्वारे बरीच गाणी काढली गेली. त्या गेममधल्या रशियन रेडिओ केंद्रावर ज्यांनी तासन् तास गाडी चालवली त्यांना नव्या यंत्रावर तेच रस्ते मिळतात, पण ते रेडिओ केंद्र पूर्वीचे राहिलेले नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमांपैकी ८७ टक्के गेम आता अधिकृतपणे विकत मिळत नसल्याचे दिसून आले. या आकड्याकडे पाहिले की सहाशे गेमांची थांबलेली यादीही मौल्यवान वाटू लागते.

प्लेस्टेशन ५ विषयी माझे मत असे आहे की तो एक पिढी मागे पाहतो आणि त्या एका पिढीला उत्तम न्याय देतो. प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सारे गेम, डिस्कवरचे आणि डाउनलोड केलेले, त्यावर चालतात. २०२० मध्ये यंत्र आले तेव्हा न चालणाऱ्या गेमांची सोनीची यादी अवघ्या दहा नावांची होती. ज्या गेमांमध्ये फ्रेमचा वेग मोकळा सोडलेला होता ते इथे आपोआप गुळगुळीत होतात, लोड होण्याचा वेळ कमी होतो, आणि सेव्ह यूएसबी ड्राइव्हवरूनही आणता येतात. प्लेस्टेशन ४ चे गेम बाहेरून जोडलेल्या यूएसबी ड्राइव्हवरून थेट चालतात, त्यामुळे आतली महागडी जागा नव्या गेमांसाठी मोकळी राहते. पण पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लेस्टेशनच्या डिस्क तो ओळखत नाही. त्या काळातले गेम हवे असतील तर निवडक गेम स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागतात किंवा सोनीच्या प्लेस्टेशन प्लस या सेवेच्या सर्वांत वरच्या वर्गाची वर्गणी भरावी लागते. पहिल्या आणि दुसऱ्या प्लेस्टेशनचे जे गेम तिथे आहेत ते यंत्रावरच चालतात, आणि त्यांतले बरेचसे मधेच कुठेही सेव्ह करता येतात आणि चूक झाली तर थोडे मागेही नेता येतात. प्लेस्टेशन ३ चे गेम मात्र दूरच्या सर्व्हरवर चालतात आणि त्यांचे फक्त चित्र आपल्यापर्यंत येते, कारण सेलसारख्या प्रोसेसरचे भाषांतर या यंत्रावर करण्याचा मार्ग सोनीने आजवर दिलेला नाही. ज्या भागांत स्ट्रीमिंगची सेवा नाही तिथे ते गेम मिळतच नाहीत.

पहिल्या प्लेस्टेशनच्या गेमांबाबत एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळी काही देशांतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत आणि काही देशांतले ५० वेळा. ५० हर्ट्झच्या आवृत्त्या बनवताना पुष्कळ गेमांमध्ये वेग नव्याने जुळवला गेला नाही, आणि ते गेम साधारण १७ टक्के हळू चालले. आजच्या टीव्हीवर ६० हर्ट्झ सहज मिळत असताना ती हळू आवृत्ती देण्याचे काहीच कारण नाही; तरीही २०१८ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन क्लासिक या छोट्या यंत्रातल्या २० गेमांपैकी ९ गेम ५० हर्ट्झचे होते. २०२२ मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या नव्या वर्गणीतही काही भागांत तेच घडले आणि तक्रारींनंतर अनेक गेमांना ६० हर्ट्झचा पर्याय दिला गेला. मारामारीचा किंवा शर्यतीचा गेम १७ टक्के हळू झाला तर तो जवळजवळ वेगळाच गेम होतो: ठोसा उशिरा बसतो, वळण लांबते, आणि संगीतही संथ होते. अशा गेममध्ये पर्याय दिसला की तो आधी ६० वर न्यावा, मग खेळायला बसावे.

बटणांचेही तसेच. प्लेस्टेशन २ च्या कंट्रोलरची बटणे किती जोराने दाबली हे ओळखत असत. काही गेमांमध्ये हलके दाबणे आणि घट्ट दाबणे यांचे अर्थ निराळे होते. आजच्या कंट्रोलरच्या बटणांना तो जोर कळत नाही, त्यामुळे त्या जागी काहीतरी तडजोड करावी लागते. चित्र कितीही वाढवले तरी ही गोष्ट परत आणता येत नाही.

स्विच २ विषयी मला मोजकेच लिहायचे आहे. २०१७ च्या स्विचची बहुतेक सारी कार्ट्रिज त्यात थेट चालतात. शरीराला जोडून व्यायाम करायचा गेम किंवा इन्फ्रारेड कॅमेरा लागणारे गेम असतील तर जुने जॉय-कॉन कंट्रोलर जपून ठेवावे आणि ते वायरलेस जोडावे. त्याआधीच्या यंत्रांची कार्ट्रिज कुठेच बसत नाहीत. त्यांच्यासाठी वर्गणी आहे: २०१८ मध्ये निन्टेन्डोच्या जुन्या एनईएस यंत्राच्या गेमांपासून सुरू झालेल्या या संग्रहात पुढे सुपर एनईएस, निन्टेन्डो ६४, गेम बॉय आले आणि स्विच २ वर गेमक्यूबचे गेमही मिळू लागले. संग्रह सुरेख निवडलेला आहे, मित्राबरोबर दूरवरून खेळता येते, आणि निन्टेन्डो ६४ च्या गेमांना स्विच २ वर जुन्या टीव्हीसारखा पडदा दाखवणारा पर्यायही आहे. पण यातले काहीही आपले होत नाही. वर्गणी थांबली की गेम थांबतात. निन्टेन्डोच्याच वी यंत्राचे ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये, थ्रीडीएस आणि वी यू यांचे मार्च २०२३ मध्ये आणि एक्सबॉक्स ३६० चे जुलै २०२४ मध्ये बंद झाले, हे आठवून पाहिले तर गेम डिस्कवर किंवा कार्ट्रिजवर असणे का महत्त्वाचे आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

कोणताही कन्सोल घेतला तरी टीव्हीकडे लक्ष दिले नाही तर जुना गेम बिघडतो, आणि दोष मात्र कन्सोलच्या माथी येतो. मी एका जुन्या उड्यांच्या गेममध्ये तीन संध्याकाळ एकाच खड्ड्यात पडत होतो. कडेला पोचून उडी दाबायची, पात्र तरीही दोन पावले चालून खाली जायचे. लहानपणी हाच खड्डा मी न बघता ओलांडत असे, त्यामुळे आधी वाटले की हात मंदावले. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड, म्हणजे चित्रावरचे जादा संस्कार टाळून उशीर कमी करणारा पर्याय, चालू केला आणि पहिल्याच प्रयत्नात पात्र पलीकडे पोचले. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची असते. चित्र ‘सुंदर’ करण्याच्या नादात टीव्हीने १०० मिलिसेकंद घेतले तर बटण आणि उडी यांच्यामध्ये सहा फ्रेम निघून जातात. जुन्या काचेच्या टीव्हीवर हा उशीर जवळजवळ नव्हताच, आणि ते गेम त्या गृहीतावरच रचलेले आहेत. दुसरी काळजी आकाराची: चारास तीन या प्रमाणातले चित्र रुंद टीव्हीवर ताणू नये. कडेच्या काळ्या पट्ट्या दोन दिवसांत डोळ्यांना दिसेनाशा होतात, पण ताणलेले, बसके झालेले पात्र कधीच बरे दिसत नाही.

आणखी एक गोष्ट परीक्षणांत सहसा येत नाही, पण उकाड्याच्या दिवसांत खेळणाऱ्याला ती पहिल्या तासातच जाणवते, ती म्हणजे उष्णता. नवा, अवजड गेम चालू असताना हे दोन्ही मोठे कन्सोल साधारण २०० वॉटच्या आसपास वीज घेतात आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे खोलीत आणखी दोन माणसे येऊन बसल्यासारखेच झाले. जुने गेम खेळताना हा भार बराच कमी असतो. माझ्या एका जुन्या यंत्राचा पंखा गेमच्या संवादांपेक्षा मोठ्याने फिरत असे. त्याच गेमला सिरीज एक्सचा पंखा ऐकायचा तर यंत्राजवळ कान न्यावा लागतो. या उभ्या यंत्रात वर एकच रुंद पंखा आहे, तो खालून हवा ओढून वरच्या जाळीतून सोडतो. प्लेस्टेशन ५ चा जाड पंखा दोन्ही बाजूंनी हवा घेऊन मागून फेकतो. दोघांनाही बंद कपाट मानवत नाही. तीन बाजूंनी मिटलेल्या कप्प्यात यंत्र आपलीच सोडलेली गरम हवा पुन्हा आत घेत राहते आणि पंख्याचा आवाज चढत जातो. म्हणून मी ते उघड्या फळीवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवतो आणि जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढतो.

खोलीचे म्हणाल तर छताचा पंखा हवेचे तापमान कमी करत नाही. तो अंगावरची गरम, दमट हवा बाजूला सारतो, घाम लवकर वाळतो आणि म्हणून आपल्याला गार वाटते. रिकाम्या खोलीत चालू ठेवलेला पंखा स्वतःच्या मोटरची थोडी उष्णता खोलीत वाढवण्यापलीकडे काही करत नाही. हवा कातडीपेक्षा गरम, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर गेली की त्या वाऱ्याचा उपयोगही कमी होत जातो. मी संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की टेबलपंखा खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून लावतो आणि समोरची खिडकी उघडतो. कन्सोलची आणि दिवसभर तापलेल्या भिंतींची गरम हवा एका बाजूने बाहेर जाते, गार हवा दुसऱ्या बाजूने येते, आणि तास-दीड तासात खोली खेळण्याजोगी होते. छताच्या पंख्यासाठी बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेली कमी विजेची, मोटर घेतली तर साध्या पंख्याच्या सुमारे ७५ वॉटऐवजी तिशीच्या आसपास वॉटमध्ये काम होते, आणि मंद वेगावर तो इतका शांत फिरतो की जुन्या गेमचे बारीक, एकसुरी संगीत त्याखाली दबत नाही. माझ्यासाठी हा फायदा विजेच्या बचतीहून मोठा ठरला.

विकत घेण्याच्या विचारात असलेल्यांनी आधी आपल्या डिस्क काढून जमिनीवर मांडाव्यात. हिरव्या डब्या जास्त असतील तर डिस्क ड्राइव्ह असलेला सिरीज एक्स घ्यावा, आणि त्याआधी प्रत्येक गेमचे नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत तपासावे. प्लेस्टेशन ४ च्या निळ्या डब्या जास्त असतील तर प्लेस्टेशन ५ घ्यावा. प्लेस्टेशन ५ प्रो घेतला तर ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो, आणि तो वेगळा ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. जुने यंत्र अजून सुरू होत असेल तर ते देऊन टाकण्यापूर्वी त्यातल्या सेव्ह क्लाउडवर चढवाव्यात. ३६० बद्दल तर हे आजच करावे, कारण यंत्र बंद पडल्यावर त्या फायली बाहेर काढण्याचा सोपा मार्ग उरत नाही.

माझी दोन खोकी आता दीड झाली आहेत. हिरव्या डब्यांपैकी ज्या यादीत आहेत त्या टीव्हीखालच्या फळीवर आल्या. पहिल्या प्लेस्टेशनच्या काळ्या डिस्क आणि प्लेस्टेशन ३ चे सगळे गेम अजून एकाच यंत्रावर चालतात, ते म्हणजे प्लेस्टेशन ३ वर. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क वाचण्याची सोय त्याच्या प्रत्येक मॉडेलात होती. म्हणून नव्या दोघांच्या शेजारी ते जुने यंत्र मी पुन्हा जोडले आहे. दर दोन महिन्यांनी त्याच्या जाळ्या साफ करतो, पंख्याचा आवाज ऐकतो, आणि आवाज नेहमीसारखा असला की डिस्क आत सरकवतो.